शनिवारची पाठदुखी

संपादकांचे पत्र आले, की आखातातील आपल्या जीवनाविषयी काहीतरी लिहून पाठवा. पत्र वाचून आमचे हे म्हणाले, "त्यात लिहिण्यासारखे काय आहे? चौतीस वर्षे तू ड्यूटीवर गेलीस आणि परत आलीस." ते खोटे नाही. मी काही लेखिका नव्हे. रेवदंड्याच्या मराठी शाळेत शिकले, मुंबईला नर्सिंगचा कोर्स केला आणि १९८४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत नोकरीला आले. तुमच्यापैकी बहुतेकांची कुटुंबे इस्रायलला गेली, माझी दोन्ही भावंडेही तिकडेच आहेत. आम्ही मात्र दोन-चार वर्षांसाठी म्हणून आखातात आलो आणि इथेच राहिलो. २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि आता शारजाला मुलाकडे असते. पण पत्र वाचून मला २०२३ च्या जानेवारीतील फुजैराच्या मळ्यावरचे तीन दिवस आठवले. त्याविषयीच लिहिते.

अमिरात म्हटले की लोकांना वाळू, उंट आणि उंच इमारती आठवतात. गाई कुणाला आठवत नाहीत. आपले लोक मला विचारतात, "तिथे गाई असतात?" असतात तर! अल ऐनजवळ हिली नावाचे ठिकाण आहे. तेथील उत्खननात सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत पाळीव गुरांची हाडे सापडली. आताच्या काळात अल ऐनची दुग्धशाळा १९८१ मध्ये सुरू झाली आणि दुबईच्या खवानीजची १९८९ मध्ये. तिथे हजारो परदेशी गाई पंख्याखाली आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली उभ्या असतात. पण मी सांगते आहे ती गुरे तशी नव्हेत. फुजैरा आणि कलबा ही पूर्व किनाऱ्यावरची गावे. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या पट्टीत खजुराच्या बागा. खजुराच्या जागी माड लावले तर आपले अलिबाग-रेवदंडाच! तिथे गावठी गुरे आहेत, बुटकी, वशिंडाची, आपल्या कोकणातल्या गुरांसारखी. आणि ही गुरे दुधासाठी नव्हे तर पाण्यासाठी पाळली जात. विहिरीतून पाणी ओढायला बैल लागे. त्या पद्धतीला तिकडे 'यझरा' म्हणतात. बैल उतारावरून खाली चालत जातो, दोर ओढला जातो, कातडी पिशवी भरून वर येते आणि पाटात ओतते. म्हणजे देशावरची आपली मोटच की! आमच्या रेवदंड्याच्या वाड्यांत रहाट असत, पण मोट मी पाहिलेली होती. पंप आले तसे यझरा बंद पडले आणि बैल बिनकामाचे झाले. काहींना मग झुंजीसाठी पोसू लागले. गोव्याच्या धिरयोसारखी ही झुंज फुजैरात वर्षानुवर्षे शुक्रवारी दुपारनंतर भरत आली आहे. दोन बैल कपाळाला कपाळ लावून रेटतात, जो पाठ फिरवतो तो हरतो. तलवार नाही, भाला नाही.

या मळ्याची मालकीण म्हणजे आमची हज्जा. हाजची यात्रा केलेल्या म्हाताऱ्या बाईला तिकडे तसे म्हणतात. १९९६ मध्ये ती मांडीचे हाड मोडून माझ्या वॉर्डात आली होती. दीड महिना तिला उठवणे, बसवणे, चालवणे माझ्याकडे होते. ती जाताना म्हणाली, "सिस्टर, तू आता माझ्या घरी ये. इथे तू मला चालवलेस, तिथे मी तुला चालवीन." तेव्हापासून आमचे जाणे-येणे सुरू झाले. तिचे हिंदी माझ्या अरबीइतकेच मोडके. पण १९६६ पर्यंत आखातात भारतीय रुपया चालत होता, त्यामुळे तिच्या पिढीला मुंबईचे लोक परके वाटत नाहीत.

दर हिवाळ्यात एकदा तिच्याकडे गुरांचे काम निघे. तिची मुले अबूधाबीला आणि दुबईला नोकरीत, ती सुट्टीला गोळा होत. सगळी गुरे एका ठिकाणी आणायची, मोजायची, लस टोचून घ्यायची, कानातले बिल्ले तपासायचे, गोचीड काढायचे, वाढलेले खूर कापायचे आणि मग त्यांना बागेतून पलीकडच्या आवारात हलवायचे. तीन दिवसांचे काम आणि निम्मी जत्रा. आमच्या मुलाला लहानपणापासून त्याची गोडी. पुढे सून आली, नातवंडे झाली, तीही यायला लागली. शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवस शाळा बंद असते. मुलाने शुक्रवारची रजा घेतली आणि आम्ही गुरुवारी संध्याकाळीच निघालो. आमचे हे गाडीत पुढे बसले होते. गाईगुरांची त्यांना भीती वाटते, पण हज्जाकडच्या मासळीवर फार प्रेम.

आता इथे मला एक गोष्ट उघड करायला हवी. हज्जाकडे आम्ही पंचवीस-सव्वीस वर्षे जात होतो, पण आम्ही कोण हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही खोटे कधी बोललो नाही. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, मराठी बोलतो, भारताचा पासपोर्ट आहे. लोकांनी समजायचे ते समजून घेतले आणि आम्ही ते समजू दिले. बेने इस्रायल हा शब्द मी अमिरातीत चारचौघांत एकदाही उच्चारला नव्हता. बहिणीला पत्र लिहायचे तर ते आधी ठाण्याला मावशीकडे जाई आणि तिथून नवे पाकीट घालून लोदला. इथून इस्रायलला फोनही लागत नसे. १६ ऑगस्ट २०२० रोजी तो सुरू झाला, तेव्हा मी बहिणीला स्वतःच्या घरातून पहिल्यांदा फोन केला. दोघींनाही बराच वेळ बोलायला सुचले नाही. पण फोन सुरू झाला म्हणून तोंड सुरू होते असे नाही. एवढ्या वर्षांची सवय लागलेली. हज्जाला आता कशाला सांगायचे, सांगितले तर इतकी वर्षे का लपवलेस असे विचारील, असे मनात येई आणि मी गप्प बसे.

शुक्रवारी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे सुदानी डॉक्टर आले. इथे सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच असतात, म्हणून घाई होती. लस लाळ-खुरकताची. लसीची पेटी सांभाळायचे काम दर वर्षी माझ्याकडे. पेटीत उष्णता २ ते ८ अंश राहायला हवी. बर्फाच्या थैलीला बाटली चिकटू द्यायची नाही, कारण ही लस गोठली तर वाया जाते. बाटली जोराने हलवायची नाही, हलकेच फिरवायची. माझी नात दहा वर्षांची, तिच्या हातात मी वही दिली. कानातल्या बिल्ल्याचा आकडा मुलगा ओरडून सांगे आणि ती लिहून घेई. भारतातही आता गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गाईचे आधार कार्ड!" आदल्याच वर्षी महाराष्ट्रात लम्पीने किती गुरे गेली हे आम्ही बातम्यांत पाहिले होते, त्यामुळे लस कशासाठी हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

मळ्यावर लहानमोठी तेवीस जनावरे होती. जुन्या पाइपांची अरुंद गल्ली करून तिच्या टोकाला खोडा केलेला आहे. मागून हज्जाचा मोठा मुलगा आणि मळ्यावरचा बांगलादेशी गडी जनावर पुढे काढत, पुढे आमचा मुलगा आडवी दांडी लावी, डॉक्टर मानेत सुई देत. जनावराला ओरडून, मारून पुढे नेऊ नये. ते भेदरते आणि मागचीही भेदरतात. गडी अगदी हळू आवाजात काहीतरी गुणगुणत गुरांच्या मागून चाले. त्याने हातातली काठी एकदाही उगारली नाही. मी त्याचे कौतुक केले तेव्हा तो म्हणाला, "दीदी, गाय घाई करत नाही, माणूस करतो." अकरा वाजता शेवटचे वासरू झाले. एक लाल गाय दिवस भरलेली होती, तिला डॉक्टरांनी गल्लीत घालू दिले नाही. बाजूला बांधून ठेवा, आज-उद्या विणार, असे सांगून ते गेले.

संध्याकाळी आम्हाला दिलेल्या खोलीत सुनेने दार लोटून दोन मेणबत्त्या लावल्या. इतकी वर्षे तसेच चालले होते. दार लोटायचे, मेणबत्त्या लावायच्या, ह्यांनी हळू आवाजात किद्दूश म्हणायचे आणि मग बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर भात आणि मासळी जेवायची.

शनिवारी सकाळपासून खरे काम. खूर कापणे, गोचिडाचे औषध लावणे, गुरे हलवणे. मुलगा त्यात असतो. त्याचे तो बघतो, मी त्याला कधी टोकले नाही. पण मी शनिवारी हात लावत नाही. मग कारण काय सांगायचे? १९९७ पासून माझे एकच कारण, पाठ दुखते. नर्सची पाठ दुखते हे कुणालाही पटते. मी हज्जाजवळ अंगणात बसते, चहा पिते, लोकांची कामे बघते.

त्या दिवशीही तशीच बसले होते. हज्जा आता ऐंशीच्या पुढची. डोळ्यांनी कमी दिसते, पण मनाने पक्की. चहाचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "सिस्टर, तुला एक विचारू? तुझी पाठ शनिवारीच का दुखते?"

मी काहीच बोलले नाही.

ती म्हणाली, "काल तू चार तास उभी होतीस. उद्या तू माझ्याबरोबर भाजीच्या वाफ्यात वाकशील. दर वर्षी असेच. शनिवारी तू आगसुद्धा पेटवत नाहीस, चहा ओतायलाही माझ्या सुनेला हाक मारतेस. तू माझ्याकडे उंटाचे मांस कधी खाल्ले नाहीस, कोळंबी कधी खाल्ली नाहीस. मी म्हातारी आहे, आंधळी नाही."

वाचकहो, मी ऑपरेशन थिएटरमध्ये माणसे मरताना पाहिली आहेत, पण माझे हात कधी कापले नव्हते. त्या दिवशी पेला खाली ठेवावा लागला. मी तिला सांगितले. आधी बेने इस्रायल म्हणजे कोण ते सांगू लागले, पण ते तिला नीट कळेना. मग मी आजोबांच्या बैलाची गोष्ट सांगितली. ती तिला लगेच कळली.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना हे माहीत आहे, पण मुलांसाठी लिहिते. आपल्या लोकांचा कोकणातला मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने आपल्याला 'शनवार तेली' हे नाव दिले. माझ्या आजोबांचा घाणा रेवदंड्याला होता. मी पाच-सहा वर्षांची असताना तो मोडकळीस आला होता. गिरणीचे तेल स्वस्त झाले होते, गिऱ्हाईक उरले नव्हते. पण शेवटचा बैल मला आठवतो. डोळ्यांना झापड बांधून तो दिवसभर घाण्याभोवती फिरे. झापड अशासाठी, की गोल गोल फिरताना त्याला भोवळ येऊ नये आणि आपण कुठेच जात नाही हे त्याला कळू नये. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आजोबा झापड सोडत, जू उतरवत, त्याला धूत, पेंड घालत. मग दुसरा दिवस सबंध तो दारात बसून रवंथ करी. आजी म्हणे, आपण शब्बाथ विसरलो तरी हा बैल विसरायचा नाही, शनिवारी त्याला उठवून तर बघा. तोरातील दवारीमच्या पाचव्या अध्यायात चौथी आज्ञा आहे, तिच्यात घरच्या माणसांबरोबर, चाकरांबरोबर बैलाचेही नाव घेऊन विसावा सांगितला आहे. लहानपणी मला वाटे की ते आमच्याच बैलासाठी लिहिले आहे.

हज्जाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "माझ्या बापाचा यझराचा बैल शुक्रवारी दुपारी सुटे. बाप नमाजाला जाई, बैल सावलीला. तुझ्या आजोबांचा शनिवारी सुटे. दोघांचे बैल एका गोठ्यात असते तर विहीर एकही दिवस बंद राहिली नसती आणि दोन्ही बैलांना एकेक दिवस मिळाला असता." आणि ती हसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पण सव्वीस वर्षे पाठीचे निमित्त का सांगितलेस? मी दर वर्षी तुझ्यासाठी तेल गरम करून ठेवत होते." ते खरे होते. दर शनिवारी रात्री तिची सून माझ्या पाठीला तेल लावून देई आणि मी ते लावून घेई. याची मला आजही लाज वाटते.

नात जवळच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती मला म्हणाली, "आजी, पण तू तर हॉस्पिटलात शनिवारी जायचीस!" मुले असा नेमका प्रश्न विचारतात. हो, जात होते. मी आले तेव्हा इथे शुक्रवारची सुट्टी होती. पुढे गुरुवार-शुक्रवार झाली, १ सप्टेंबर २००६ पासून शुक्रवार-शनिवार आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार. सरकारने सुट्टी माझ्या शनिवारावर आणून ठेवली ती मी निवृत्तीकडे झुकल्यावर, आणि पाळ्यांच्या ड्यूटीत तर तिचाही उपयोग नव्हता. मी नातीला सांगितले, आजारी माणसासाठी शनिवार मोडता येतो. ती गप्प झाली. पण मी स्वतःला फसवू शकत नाही. वॉर्डातील सगळे शनिवार काही जीव वाचवण्यात गेले नाहीत. कितीतरी शनिवार चादरींचा हिशेब लिहिण्यात आणि पगार मिळवण्यात गेले. त्या पगारावर घर चालले, मुलगा शिकला. कदाचित म्हणूनच मळ्यावरचा वर्षातला तो एक शनिवार मी इतका घट्ट धरून ठेवला होता. आजोबांच्या बैलाला मिळत होते ते मला मिळत नव्हते, हे खरे.

दुपारी तीनच्या सुमारास गडी धावत आला. लाल गाय अडली होती. पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झाला होता. वासराचा एक खूर आणि नाकपुड्या दिसत होत्या, दुसरा पाय नव्हता. गाय कळा देत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. हज्जाच्या मुलाने डॉक्टरांना फोन लावला. ते दिब्ब्याला होते, यायला वेळ लागणार होता. त्यांनी फोनवर सांगितले की पुढचा एक पाय आत दुमडलेला असणार. दोर बांधून ओढू नका, आधी वासरू मागे ढकला, पाय सरळ करा, मग ओढा. हात लहान असेल अशा कुणीतरी करा.

सगळ्यांनी आपापले हात पाहिले. पुरुषांचे हात मोठे. गडी म्हणाला, "दीदी."

मी उठले. एक क्षणही विचार केला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. प्रसूतीच्या वॉर्डात मी सात वर्षे काढली होती. नखे कापलेलीच होती. कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. वंगण काय लावायचे? सुनेने माझ्या पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणली. मी केसांना लावते ती. हे मागून म्हणाले, "शनवार तेल्याच्या नातीचे तेल शनिवारीच कामाला आले." मला हसूही आले आणि रागही आला.

गाईची कळ येते तेव्हा हात आत घालायचा नाही, हात मोडेल. कळ ओसरली की पुढे सरकायचे. वासराचे कपाळ तळहाताने हलकेच मागे रेटले, तेव्हा थोडी जागा झाली. गुडघा सापडला. त्याच्याखाली बोटे नेत नेत खूर सापडला. तो खूर पूर्ण मुठीत झाकून घ्यायचा, नाहीतर बाहेर येताना आईचे पोट फाडतो. माणसाच्या बाळाला खूर नसतात, हे मला शिकलेले नव्हते. डॉक्टर फोनवरून सांगत होते, मुलगा फोन माझ्या कानाशी धरून बसला होता. तीन कळा तशाच गेल्या. चौथ्या वेळी पाय सरळ झाला आणि दोन्ही खूर शेजारी शेजारी आले. मग गड्याने आणि मुलाने कळेबरोबर खाली, गाईच्या पायांच्या दिशेने ओढले. वासरू एकदम बाहेर आले. निपचित. मी बोटाने त्याच्या तोंडातला चिकटा काढला, वाळलेल्या गवताची काडी नाकपुडीत फिरवली, गड्याने पेंढ्याने त्याची छाती चोळली. मग ते शिंकले. हज्जा दुरून बसल्या जागेवरून विचारत होती, "काय झाले? काय झाले?" नात ओरडली, "कालवड!"

मी तिथेच चिखलात बसून राहिले. पाठ खरोखरच दुखत होती. हज्जाला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आज मी विश्वास ठेवते."

रात्री तीन तारे दिसल्यावर डॉक्टर आले. वार पडली आहे, गाय बरी आहे, असे सांगून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि "सिस्टर, माझी नोकरी जाईल" असे म्हणाले.

गाईच्या पहिल्या दुधाला अरबीत 'लबा' म्हणतात. मी आधी वासराला पोटभर पाजायला लावले. पहिल्या काही तासांतील चिकानेच वासराला रोगाशी झगडण्याची शक्ती मिळते, ते चुकले तर नंतर कितीही लस टोचली तरी भरून निघत नाही. तरीही रविवारी सकाळी चिक उरला. हज्जाच्या स्वयंपाकघरात सुनेने गूळ आणि वेलची घालून खरवस केला. हज्जाने एक वडी तोंडात टाकली आणि विचारले, "हे तुझे आजोबा खात होते?" मी म्हटले, "आजोबांकडे बैल होता, गाय नव्हती. शेजारचे देत." ती म्हणाली, "मग बरोबर. खरवस शेजाऱ्यानेच द्यायचा असतो."

निघताना तिने मला एक गोष्ट सांगितली ती मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे. मळ्याच्या विहिरीचे पाणी खारट होत चालले आहे. बैल ओढत होते तेव्हा विहिरीला रात्री भरायला वेळ मिळत होता. पंप आले आणि सगळ्यांनी दिवसरात्र उपसले, तेव्हा समुद्राचे पाणी जमिनीतून आत शिरले. वादी हामच्या तोंडाशी फुजैरा-कलबाच्या कितीतरी बागा अशाच वाळल्या आहेत. लसूणघास, ज्याला ते 'जत' म्हणतात, ती पूर्वी तिच्या बागेत होई. आता चारा विकत आणावा लागतो आणि मुलांना तो खर्च परवडत नाही. "बैल थकत होता म्हणून विहीर टिकली," ती म्हणाली. "पंप थकत नाही."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. आजोबांनी बैलाला शनिवारी सोडले ते बैलावर उपकार म्हणून, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. आता वाटते की त्या एका दिवसावर बैलच नव्हे, घाणा, घर आणि गाव सगळेच टिकून होते. थांबायचा दिवस माणसाला आपणहून आठवत नाही, म्हणून तो नेमून द्यावा लागतो.

२०२४ च्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. गुरे तेवीसची अकरा झाली होती, पण लाल गाय आणि तिची कालवड ठेवली होती. कालवडीच्या कानात बिल्ला होता. शनिवारी सकाळी मी अंगणात येऊन बसले. हज्जाने सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "सिस्टरला चहा दे. आज तिचा बैल सुटला आहे."

त्या वर्षी सुनेने मेणबत्त्या लावताना दार लोटले नाही.